संकटातल्या समुपदेशनाचा खर्च सरकार कुठे उचलतं आणि कुठे नाही

घरात कुणी मनाने कोलमडलं की पहिली धावपळ होते ती कार्डाची. आयुष्मान कार्ड कुठे ठेवलंय, रेशनकार्डावर नाव आहे का, ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये मानसोपचार बसतो का. या शोधाशोधीत दोन-तीन दिवस जातात आणि नेमके तेच दिवस मोलाचे असतात. म्हणून सर्वांत आधी हे सांगते: संकटात कुणाशी तरी बोलून आधार मिळवायचा असेल, तर महाराष्ट्रात त्यासाठी कुठलंही कार्ड लागत नाही. कार्ड आणि विमा लागतो तो दाखल व्हायची वेळ आली तर. बोलण्याची सोय फोनवर आहे आणि सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत आहे. दोन्हीकडे पैसे पडत नाहीत, फार तर काही ठिकाणी केसपेपरचे थोडे.

हा फरक डोक्यात पक्का बसला की पुढचं बरंच सोपं होतं. आता एकेक पायरी घेऊ.

पहिली पायरी: धोका आत्ता आहे का, ते ठरवा

माणूस खचलेला असणं वेगळं आणि जिवाला आत्ता धोका असणं वेगळं. तो स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल, निरवानिरवीची भाषा करत असेल, सगळ्यांचे हिशेब अचानक चुकते करत असेल, तर त्याला स्पष्ट विचारा: "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतायत का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती अनेकांना वाटते, पण तसं होत नाही. उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो, आणि आपल्यालाही कळतं की पाणी किती खोल आहे.

उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं, जास्तीच्या गोळ्या, जे काही घरात असेल ते कुलपात ठेवा. शेजाऱ्याकडे किंवा भावाकडे नेऊन ठेवलं तर आणखी चांगलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी घरांत ही एक गोष्ट केली तरी मोठं काम होतं, कारण असा विचार अनेकदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळात हाताशी काही नसणं हाच बचाव असतो.

इजा झालीच असेल तर १०८ लावा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. काही पोटात घेतलं असेल तर ती बाटली किंवा पाकीट डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या. रुग्ण मानसिक आजाराचा आहे म्हणून रुग्णवाहिका नाकारता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २१ म्हणतं की शारीरिक आजाराच्या रुग्णाला जशी आणि ज्या दर्जाची रुग्णवाहिका मिळते, तशीच मानसिक आजाराच्या रुग्णालाही मिळाली पाहिजे. हिंसेचा प्रसंग असेल तर ११२.

इथे थोडं थांबते, कारण घरच्यांचा पाय इथेच अडखळतो. "पोलीस केस होईल" या भीतीने लोक खोटं सांगतात, उशीर करतात, ओळखीच्या छोट्या दवाखान्यात नेतात. दवाखान्यात एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते हे खरं. पण त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की उलट सिद्ध झालं नाही तर आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, तिच्यावर खटला चालवायचा नाही आणि शिक्षा करायची नाही. इतकंच नव्हे, अशा व्यक्तीला उपचार देणं, तिचं पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य आहे. जुन्या भारतीय दंड विधानातलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलंच नाही. (सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाबद्दलचं कलम २२६ तेवढं आहे.) तेव्हा डॉक्टरांना खरं सांगा. खरं सांगितलं तरच योग्य उपचार होतात, आणि नंतर समुपदेशनासाठी चिठ्ठीही मिळते.

दुसरी पायरी: १४४१६

जिवाला तातडीचा धोका नाही, पण माणूस तुटलाय. नोकरी गेली, घरात मृत्यू झाला, लग्न मोडलं, निकाल लागला, कर्जाची नोटीस आली. अशा वेळी पहिला फोन टेली-मानसला करा. क्रमांक १४४१६. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था तिचं मध्यवर्ती केंद्र. फोन चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

फोन लागला की आधी भाषा निवडायला सांगतात. घाई करू नका, नीट ऐकून मराठीचा आकडा दाबा. मग समुपदेशक फोनवर येतो. बऱ्याच जणांना इथे काय बोलावं तेच सुचत नाही. रडू येतं आणि फोन ठेवून दिला जातो. म्हणून चार वाक्यं आधी कागदावर लिहून घ्या. घरच्या माणसाने फोन केला तर असं बोला:

"माझा भाऊ चार दिवस झोपलेला नाही. जगून काय करू, असं म्हणतोय. आत्ता तो शेजारच्या खोलीत आहे, त्याच्याबरोबर वहिनी आहे. मी काय करू आणि पुढे त्याला कुठे नेऊ?"

यात सगळं आलं: काय होतंय, किती दिवस, धोका किती, जवळ कोण आहे आणि तुम्हाला काय हवंय. स्वतःसाठी फोन करत असाल तर "मला आत्ता फक्त कुणीतरी ऐकायला हवंय" एवढं वाक्यही पुरेसं आहे. संकटात सापडलेल्या माणसाने नीटनेटकं बोलावं अशी अपेक्षा त्या बाजूला कुणी ठेवत नाही.

फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी विचाराच. तुम्ही परत फोन करणार का, आणि कधी? माझ्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात प्रत्यक्ष भेटीसाठी कुठे जायचं? मानसोपचारतज्ज्ञाशी बोलायची गरज आहे का? टेली-मानसची रचनाच दोन टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यावर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज पडली तर पुढे तज्ज्ञांकडे, म्हणजे जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकाकडे किंवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे जोडून देतात. पण हे आपसूक होईल असं धरून चालू नका, विचारा. एकदा बोलून बरं वाटलं की लोक तिथेच थांबतात आणि आठवड्याने पुन्हा त्याच जागी येतात.

काही जणांसाठी दुसरे क्रमांक जास्त जवळचे आहेत. मुलांसाठी १०९८. घरात मारहाण किंवा छळ होत असलेल्या बाईसाठी १८१, आणि जिल्ह्यातलं सखी वन स्टॉप सेंटर. तिथे समुपदेशन, तात्पुरता निवारा, कायद्याची मदत एकाच छताखाली आणि विनामूल्य मिळते. अशा बाईला "मन शांत ठेवा" सांगून भागत नाही, आधी तिला सुरक्षित जागा लागते. विद्यार्थ्यांसाठी शिक्षण मंत्रालयाची मनोदर्पण ही सेवा आहे, क्रमांक ८४४८४४०६३२.

तिसरी पायरी: सिव्हिलची ओपीडी

फोनने पहिला धक्का सावरतो. पुढच्या काही आठवड्यांसाठी मात्र समोर बसून बोलणारं माणूस लागतं. ते सरकारी खर्चाने मिळण्याची जागा म्हणजे जिल्हा रुग्णालय, आपल्या भाषेत सिव्हिल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ मध्ये सुरू झाला. त्याच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका अशी पदं असतात. हे पथक सिव्हिलमध्ये बसतं आणि ठरलेल्या दिवशी उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयातही जातं. आपल्या तालुक्याला पथक कोणत्या वारी येतं हे आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला विचारलं तर जिल्ह्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

आशाताईंचं नाव उगाच घेतलेलं नाही. शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आहे. त्यात आशाताई घरोघरी जाऊन प्रश्नावलीवरून ताणाखालची माणसं शोधतात आणि पुढे पाठवतात. कोणत्या घराचं काय चाललंय हे गावात त्यांना सगळ्यात आधी माहीत असतं. त्यांच्याशी एक शब्द बोलायला कमीपणा वाटून घेऊ नका.

आता पैशांचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय हे सगळं त्यात येतं. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयं आणि महापालिकेची रुग्णालयं या निर्णयात नाहीत. तिथे केसपेपरचे थोडे पैसे पडू शकतात. तरीही खासगीच्या मानाने ते काहीच नाहीत. शहरात खासगी समुपदेशनाच्या एका बैठकीला हजार रुपये सहज जातात.

जायचं कसं? सकाळी लवकर. केसपेपरची खिडकी दुपारनंतर बंद होते आणि मानसोपचाराची ओपीडी बऱ्याच ठिकाणी रोज नसते, म्हणून आदल्या दिवशी फोन करून वार विचारून घ्या. ओळखपत्र सोबत ठेवा. आधीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं, आणि झोप, भूक, रडू, राग यांची दोन-तीन ओळींची नोंद न्या. खिडकीवर "मानसोपचार विभाग" एवढंच सांगायचं. रांगेतल्या लोकांसमोर सगळी कहाणी सांगायची गरज नाही.

आत काय होतं तेही आधी ठाऊक असलेलं बरं. तज्ज्ञ डॉक्टर एकच, बाहेर बाकावर माणसं दाटीवाटीने बसलेली, नंबर पुकारला जातो, आपल्याला मोजकी मिनिटं मिळतात. तेवढ्यात झोपेची किंवा चिंतेची गोळी लिहून दिली जाते आणि पुढचा नंबर लागतो. हे पाहून "सरकारीत नुसत्या गोळ्या देतात" असं म्हणून लोक परत फिरतात. तिथेच एक वाक्य बोलायचं असतं: "डॉक्टर, मला बोलायचीही गरज आहे. मला मानसशास्त्रज्ञांकडे किंवा सोशल वर्करकडे पाठवाल का?" मग डॉक्टर केसपेपरवर तसं लिहितात, आणि शेजारच्या खोलीत जाऊन पुढची तारीख घेता येते. न विचारता ही चिठ्ठी क्वचितच मिळते. डॉक्टरांची इच्छा नसते असं नाही, गर्दीच तेवढी असते. ते पद रिकामं असेल तर जवळचं वैद्यकीय महाविद्यालय किंवा ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथलं प्रादेशिक मनोरुग्णालय विचारा. तिथेही ओपीडी असते. मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत गेलं म्हणजे माणूस "वेडा" ठरला, असं मुळीच नाही. दाखल न होता दाखवून, बोलून परत येणारे तिथे कितीतरी असतात.

गोव्यातल्या वाचकांसाठी हीच जागा म्हणजे बांबोळीचं मनोविकार व मानवी वर्तन संस्था हे रुग्णालय. टेली-मानसचा क्रमांक तिथेही तोच.

रात्र असेल आणि जवळ फक्त पीएचसी असेल तर? त्याच २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९४ लक्षात ठेवा. जिवाला किंवा इतरांना गंभीर धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचा मानसिक उपचार देऊ शकतो, आणि रुग्णाला मानसोपचार केंद्रात हलवणंही त्यात येतं. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे बहुधा घरचं माणूस हजर असेल तर त्याची संमती घेतली जाते. "आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाही, घेऊन जा" एवढं म्हणून डॉक्टरला मोकळं होता येत नाही.

चौथी पायरी: कार्ड आणि विमा, ज्याचं त्याचं काम

आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण मिळतं आणि तिच्या उपचारांत मानसिक विकार आहेत. पण ती आहे दाखल रुग्णांसाठी. ओपीडीतली बैठक, समुपदेशन तिच्यात बसत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचंही तेच. तेव्हा समुपदेशनासाठी कार्ड मंजूर होण्याची वाट पाहत बसू नका. दाखल करायची वेळ आली तर मात्र दाखल होण्याआधीच योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या टेबलापाशी जा आणि विचारा: "या आजाराचं पॅकेज या रुग्णालयात आहे का?" तो नाही म्हणाला तर जवळ कुठे आहे ते विचारा. फुले योजनेचा मदत क्रमांक १५५३८८, किंवा १८००-२३३-२२००.

खासगी मेडिक्लेमची गोष्ट अशी. २०१७ च्या कायद्याचं कलम २१(४) म्हणतं की शारीरिक आजारासाठी जसा विमा देता तसाच मानसिक आजारासाठीही दिला पाहिजे. कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसा आदेश दिला. तरी कंपन्या टाळाटाळ करत राहिल्या. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रकरणात विमा कंपनीला दावा नाकारल्याबद्दल फटकारलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाला पुन्हा ताकीद द्यावी लागली. आज दाखल होण्याचा दावा केवळ "मानसिक आजार आहे" म्हणून नाकारता येत नाही.

पण "शारीरिक आजारासारखंच" या शब्दांची दुसरी बाजूही आहे. तुमच्या पॉलिसीत तापाची ओपीडी मिळत नसेल तर समुपदेशनाची बैठकही मिळत नाही. कायद्यातली मानसिक आजाराची व्याख्याही विचार, मनःस्थिती किंवा निर्णयक्षमता गंभीरपणे बिघडवणाऱ्या विकाराची आहे. वडील गेल्यानंतरचं दुःख किंवा घटस्फोटाचा धक्का त्यात सहज बसत नाही. अल्पकाळाच्या संकट-समुपदेशनाला विम्यात जागा नाही, ते याचमुळे. मला ही मोठी उणीव वाटते. सहा आठवडे नीट बोलायला मिळालं असतं तर ज्या माणसावर दाखल व्हायची वेळच आली नसती, त्याच्यासाठी विमा फक्त दाखल झाल्यावर जागा होतो. ही उणीव भरून निघेपर्यंत पॉलिसीचा कागद उघडून "ओपीडी", "मानसशास्त्रज्ञ", "सायकोथेरपी" हे शब्द शोधा. काही पॉलिसींत जादा हप्त्याने ओपीडी घेता येते. खासगी कंपनीत नोकरी असेल तर एचआरला विचारा की कर्मचारी साहाय्य कार्यक्रम आहे का. असेल तर त्यात समुपदेशनाच्या काही बैठका मोफत असतात.

ज्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा कापला जातो, त्यांचं नशीब इथे बरंच बरं आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबाला ईएसआयमध्ये ओपीडीसकट पूर्ण उपचार आहेत. ईएसआय दवाखान्यातून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायची चिठ्ठी घ्या. शिवाय डॉक्टरांनी कामावर जाता येणार नाही असं प्रमाणपत्र दिलं तर आजारपणाचा लाभ म्हणून वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कारखान्यात काम करणाऱ्या कितीतरी जणांना हे माहीतच नसतं. मन ठीक नसताना ते पाळीवर जात राहतात, कारण सुट्टी घेतली तर पगार जाईल.

पाचवी पायरी: कागद आणि गुप्तता

प्रत्येक केसपेपर, चिठ्ठी, औषधांची यादी यांचा फोटो काढून ठेवा. पुढे दावा करायचा असो की दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं असो, पहिल्या भेटीची तारीख मोलाची ठरते. आपली वैद्यकीय कागदपत्रं मागण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याचं कलम २५ देतं. समुपदेशनासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागत नाही. कुणी मागितलं तर "ते कशासाठी?" असं विचारा.

"गावात कळेल" ही भीती खोटी नाही. कलम २३ नुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टर आणि समुपदेशकावर बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तर किंवा न्यायालयाने सांगितलं तर असे मोजके अपवाद आहेत. मालकाला, शाळेला, सासरच्यांना परस्पर काही सांगता येत नाही. तरी केसपेपर घरात कुठे ठेवायचा याची काळजी आपली आपणच घ्यावी लागते.

सहावी पायरी: सेवा नाकारली तर

आधी त्याच रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. सिव्हिल असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने. दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. तोंडी तक्रारीचा काही उपयोग होत नाही. पत्रात भावनांपेक्षा तारीख, वेळ, कोणत्या खिडकीवर काय सांगितलं गेलं, एवढं लिहा. शेवटी २०१७ च्या कायद्यातल्या कलम १८ चा उल्लेख करा. सरकारने चालवलेल्या किंवा पैसे पुरवलेल्या मानसिक आरोग्य सेवेचा हक्क प्रत्येकाला आहे असं ते सांगतं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, आणि बेघर माणसाला उपचार मोफत मिळाले पाहिजेत हेही त्यातच आहे.

या कलमातली एक तरतूद फारशी कुणी वापरत नाही. कायद्याने ठरवलेल्या किमान सेवा तुमच्या जिल्ह्यात सरकारीत उपलब्धच नसतील, तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या मानसिक आरोग्य सेवेत उपचार घेण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि तो खर्च सरकारने उचलायचा आहे. तो मिळवायला पत्रव्यवहार करावा लागतो, वेळही लागतो. पण "आमच्याकडे पद रिकामं आहे" असं लेखी उत्तर हातात असेल तर त्या मागणीला पाया मिळतो. म्हणून ते उत्तर लेखीच मागा.

रुग्णालयाने दाद दिली नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, आणि त्यानंतर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण. विम्याचा दावा नाकारला असेल तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, मग विमा नियामकाच्या १५५२५५ वर तक्रार नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करायचा, म्हणून नकाराचं पत्र आलं त्या दिवसाची तारीख त्याच पाकिटावर लिहून ठेवा.